उत्तर आलं नाही तर

६ फेब्रुवारी, सोमवार

टाफोयाने आज पुन्हा माझं वाक्य खोडलं. खोडलेल्या ओळीशेजारी लिहिलंय — ‘वाचलं. नम्रपणे असहमत.’ यात नम्र काय आहे ते मला कोणीतरी दाखवावं.

वाद एवढासाच आहे. आम्ही इकडे नेब्रास्कात, अण्वस्त्रांची कमांड. वरून हुकूम निघालाच तर तो पाणबुड्यांपर्यंत, विमानांपर्यंत पोचवणं आमचं काम. ते तिकडे कोलोरॅडोत, अंतराळाची कमांड. हुकूम ज्या उपग्रहांवरून जायचा ते उपग्रह सांभाळणं त्यांचं काम. पूर्वी दोन्ही कामं एकाच छपराखाली होती. आता घरं वेगळी झालीत, पण चूल एकच राहिलीय.

तर उपग्रह जागचा हलवायचा असेल, किंवा थोडा वेळ बंद ठेवायचा असेल, की त्यांनी आम्हाला विचारायचं. इथपर्यंत सगळे खूश. पण विचारलं आणि आमच्याकडून उत्तरच आलं नाही तर? टाफोया म्हणतो, तासभर थांबायचं आणि ‘हो’ धरायचं. मी म्हणते, उत्तर नाही म्हणजे ‘नाही’.

ऑक्टोबरात थंडी सुरू झाल्यापासून आम्ही दोघं या एका ओळीवर बसलोय. करारातलं बाकी सगळं जमलंय.

(गुप्त काही या वहीत येणार नाही. जे नवऱ्याला, ऑरिनला सांगत नाही ते हिलाही सांगायचं नाही. पण टाफोया काही गुप्त नाही. तो सगळ्यांना ऐकू जातो.)

९ फेब्रुवारी, गुरुवार

फोनवर पुन्हा तेच.

“सेडलाचेक बाई, तुमची माणसं जेवायला गेली म्हणून मी माझा उपग्रह ताटकळत ठेवायचा का?”

“आमच्याकडे कोणी ना कोणी असतंच.”

“मग उत्तर द्यायला काय होतं?”

यावर माझ्याकडे फार चांगलं उत्तर होतं. फोन ठेवल्यावर सुचलं.

आणि ‘माझा उपग्रह’ म्हणे. जसा काही यानेच पाळण्यात घालून वाढवलाय.

१४ फेब्रुवारी, मंगळवार

ऑरिनने फुलं आणली नाहीत. बाहेर कडाक्याची थंडी, त्यात माझ्या गाडीच्या बॉनेटमध्ये वाकून बॅटरी बदलून दिली. बत्तीस वर्षांच्या संसारात फुलांपेक्षा हे बरं.

१७ फेब्रुवारी, शुक्रवार

वकील आले. मेजर ओडेल. कराराची भाषा तपासायला दोन्ही कमांडनी मिळून हा एकच माणूस नेमलाय, म्हणजे निदान एका बाबतीत तरी एकमत झालं.

त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला — “उत्तर नसणं म्हणजे नेमकं काय? समजा तुम्ही फोन उचललात आणि काही बोललाच नाहीत. नुसता श्वास ऐकू आला. ते उत्तर धरायचं का?”

मी म्हटलं, “मेजर, मी आणि न बोलता?”

ते हसले नाहीत. लिहून घेतलं.

२७ फेब्रुवारी, सोमवार

कर्नल हॅल्व्हर्सननी बोलावलं. आमच्या विभागाच्या प्रमुख. उंच, सडपातळ, आवाज कधी चढत नाही, त्यामुळे त्यांची जास्त भीती वाटते.

“नोरा, मेअखेर दोन्ही जनरलना सही करायचीय. नाही जमलं तर कागद वॉशिंग्टनला जाईल. तिथे तो कोण वाचेल ते तुलाही माहीत नाही, मलाही नाही.”

“मॅडम, मी तर तयारच आहे. त्यांनी माझं मान्य केलं की झालं.”

“टाफोया त्याच्या साहेबांना अगदी हेच सांगतो.”

मग बातमी दिली. सही होईपर्यंत काहीतरी नियम हवा, म्हणून तात्पुरता नियम लागू झालाय. टाफोयाचा. तासभर उत्तर नाही आलं की उपग्रह हलवायला मोकळे.

“तात्पुरतं फक्त,” मॅडम म्हणाल्या. मी या नोकरीत तात्पुरतं केलेलं कपाट बघितलंय. मी भरती झाले तेव्हाचं आहे. अजून तिथेच आहे.

१४ मार्च, मंगळवार

टाफोया आला! समोरासमोर बसून बोला, असं दोन्हीकडच्या साहेबांनी ठरवलं.

फोनवरच्या आवाजावरून मी उंचपुरा, काटक, चेहऱ्यावर आठी असलेला माणूस रंगवला होता. विमानतळावर गेले तर समोर एक बुटका, गोल, मिशाळ गृहस्थ, पायात नक्षीचे बूट आणि काखेत थर्मासची पेटी. त्यात काय, तर भाजलेल्या हिरव्या मिरच्यांची बरणी.

“तुमच्या राज्यात जेवण मिळतं असं ऐकून आहे,” तो म्हणाला, “पण खात्री नव्हती.”

त्याने मला लगेच ओळखलं. म्हणाला, “तुम्ही अगदी आवाजासारख्याच दिसता.” ही स्तुती की काय ते विचारलं नाही.

१५ मार्च, बुधवार

दिवसभर बैठक. निष्पन्न — जेवण.

आमच्या कँटीनमध्ये बुधवारी चिली असते, म्हणजे खिमा-राजम्याचा रस्सा, आणि आमच्याकडे चिलीबरोबर दालचिनीचा गोड रोल खातात. शाळेपासूनची सवय. टाफोयाने ताटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा ताटाकडे.

“हे कोणी चुकून एकत्र ठेवलंय का?”

“बुडवून खा.”

“मांसाच्या रश्श्यात केक बुडवू?”

“तुम्हीच म्हणता ना, उत्तर नाही आलं तर ‘हो’ धरायचं. ताटाने काही उत्तर दिलेलं नाही. बुडवा.”

कर्नल हॅल्व्हर्सनना ठसका लागला. टाफोयाने बुडवून खाल्लं. मग बरणी काढून त्यावर मिरच्या ओतल्या, आणि दुसरा रोल मागितला.

करारात एक अक्षर हललेलं नाही.

१७ मार्च, शुक्रवार

टाफोयाचं विमान उद्याचं. आज दुपारी मी आणि ऑरिन त्याला प्लॅट नदीवर क्रौंच दाखवायला घेऊन गेलो. लांबचा पल्ला आहे, पण मार्चमध्ये नेब्रास्कात येऊन क्रौंच न बघता परत जायचं म्हणजे अपमानच. ऑरिनने गाडीत स्वतःच्या बँडच्या पोल्का-नाचाच्या गाण्यांची टेप लावली. तो अकॉर्डियन वाजवतो. टाफोया सभ्य माणूस आहे. शेवटपर्यंत ऐकली.

ऊन उतरायला लागलं तसे पक्षी शेतांतून नदीकडे यायला लागले. थव्यांवर थवे. आवाज असा की शेजारच्याशी बोलताना ओरडावं लागत होतं. टाफोया बराच वेळ वरच बघत राहिला. मग म्हणाला, “एवढे एकत्र उडतात आणि एकमेकांवर आपटत नाहीत.”

“यांच्याकडे वकील नाही,” ऑरिन म्हणाला.

लाकडी मचाणावर बसून रन्झा खाल्ले — कोबी आणि खिमा भरलेला आमचा पाव — आणि तिथे टाफोयाने सांगितलं. कधी सांगेल असं वाटलं नव्हतं. नोकरीच्या सुरुवातीला तो एका भूस्थानकात होता. त्यांच्या ताब्यात हवामानाचा एक छोटा उपग्रह. जुन्या रॉकेटचा एक तुकडा त्याच्या वाटेवर येतोय असं दिसलं. हलवायची परवानगी तीन कचेऱ्यांकडून हवी होती. दोन आल्या. तिसऱ्या कचेरीतला माणूस लग्नाला गेला होता.

“तिसरीही आली,” तो म्हणाला. “सही, शिक्का, सगळं. तोवर आम्ही पडद्यावर तुकडे बघत होतो. एका उपग्रहाचे किती तुकडे होतात माहितेय? आणि ते सगळे पुन्हा कुणाच्या ना कुणाच्या वाटेवर.”

मग मीही माझं सांगितलं. विशीत होते, संदेशकक्षात नवी. थंडीतला सराव चालू होता आणि मध्येच एक लाइन गप्प झाली. बिघाड, की पलीकडे खरंच काही झालंय, कोणाला कळेना. एक कॅप्टन म्हणत होता, गप्प आहेत म्हणजे सगळं ठीक असणार. दुसरा म्हणत होता, गप्प आहेत म्हणजे संपलं सगळं. दोघांचे चेहरे सारखेच पांढरे. माझ्या शेजारी सार्जंट प्रूइट बसल्या होत्या. त्या मला म्हणाल्या, “गप्प झालेली लाइन काहीच सांगत नसते, पोरी. ऐकू येतंय ते आपल्याच पोटातलं.” एक केबल उंदराने कुरतडली होती. पण ती खोली मी विसरले नाही.

टाफोयाने मान हलवली. परतीच्या वाटेवर म्हणाला, “तुझं कारण चांगलं आहे, नोरा.”

“तुझंही.”

“म्हणजे आता काय?”

“आता तू मान्य कर.”

“नम्रपणे असहमत,” तो म्हणाला, आणि ऑरिन इतका हसला की गाडी बाजूला घ्यावी लागली.

१८ मार्च, शनिवार

मिरच्यांची बरणी आमच्याकडेच राहिली. मुद्दाम ठेवली असावी.

३० मार्च, गुरुवार

तात्पुरता नियम उत्तम चालतोय. हे लिहिताना हात दुखतोय.

कोलोरॅडोहून विचारणा येतात, मी लगेच उत्तर देते, उपग्रह हलतो, परत जागेवर येतो. तासभर थांबायची वेळच येत नाही. माझ्याच तत्परतेमुळे टाफोयाचा नियम शहाणा ठरतोय.

११ एप्रिल, मंगळवार

मेजर ओडेलनी तडजोड सुचवली. ‘उत्तर न आल्यास परिस्थितीनुसार योग्य तो अर्थ लावावा.’ मी आणि अमादेओ (टाफोयाला आता नावानेच हाक मारते) फोनच्या दोन टोकांना एकाच वेळी “नको” म्हणालो. पहिल्यांदाच आमचं एकमत झालं. ओडेलना वाईट वाटलं. उद्या त्यांना रोल द्यायला हवा.

२१ एप्रिल, शुक्रवार

कर्नल हॅल्व्हर्सन माझ्या टेबलापाशी आल्या. स्वतः. त्या कोणाच्या टेबलापाशी येत नाहीत.

“नोरा, नियम चालतोय. दोन महिने काही बिघडलं नाही. आता हा मुद्दा राहिलाय की हट्ट?”

मी म्हटलं, विचार करते.

घरी येऊन ऑरिनला विचारलं, “मी हट्टी आहे का?” तो अकॉर्डियन पुसत होता. पुसतच राहिला. उत्तर दिलं नाही. त्याच्या या गप्प बसण्याचा अर्थ मात्र मला चटकन कळला.

२५ एप्रिल, मंगळवार

ठरवलं. उद्या सकाळी पाठवते — तुमचा नियम मान्य. माझ्या एका ओळीसाठी कागद वॉशिंग्टनला गेला तर तिथली माणसं आम्हा दोघांपेक्षा वाईट काहीतरी लिहितील. हट्टाची नोकरी नाही ही.

वाईट वाटतंय. पण जेवण गेलं.

२७ एप्रिल, गुरुवार

काल लिहिणं शक्यच नव्हतं. आज सगळं नीट लिहिते.

काल सकाळी आठला मी अमादेओला पाठवून दिलं — मान्य. नावानिशी. त्याचं काही उत्तर आलं नाही. मला वाटलं, जिंकलेला माणूस मोठेपणाने गप्प बसलाय.

त्याआधीच्या दिवशी कोलोरॅडोहून कळलं होतं की दुपारी एक उपग्रह हलवायचा आहे. नेहमीचं काम. हलवताना आमची त्यावरची लाइन थोडा वेळ बंद राहते. प्रत्यक्ष हलवायच्या आधी पुन्हा एकदा विचारायचं, असं ठरलेलं.

दुपारी आभाळ हिरवट झालं. इथे जन्मलेल्याला त्या रंगाचं वेगळं सांगावं लागत नाही. मग टोर्नेडोच्या इशाऱ्याचे भोंगे. आम्ही सगळे तळघरात. कामकाजाचा मुख्य कक्ष जमिनीखालीच असतो, तो कधी रिकामा होत नाही. पण उपग्रहाच्या विचारणा येतात त्या माझ्या टेबलावर, आणि माझं टेबल वर, खिडकीपाशी. मी मोठ्या हौसेने मागून घेतलेली खिडकी.

तळघरात आम्ही भिंतीला पाठ लावून बसलो. कर्नल हॅल्व्हर्सनही जमिनीवर, बूट काढून. गारांचा आवाज, मग मालगाडी डोक्यावरून जावी तसा आवाज, मग काहीच नाही. दिवे गेले, आले, गेले. ऑरिन घरी होता. माझ्या डोक्यात तोच होता. उपग्रह-बिपग्रह काही नव्हतं, हे खरं सांगते.

मध्येच मेजर ओडेल हळूच म्हणाले, “सेडलाचेक बाई, आज दुपारी ते हलवणार होते ना?”

मी घड्याळ बघितलं. तास केव्हाच होऊन गेला होता. वर जाऊ देईनात. मी तिथे बसून एकच विचार करत राहिले — सकाळी मीच मान्य म्हणून लिहून दिलंय.

सोडल्यावर जिन्यावरून पळत वर गेले. पन्नाशी उलटल्यानंतर इतकी कधी पळाले नव्हते. टोर्नेडो आमच्या लष्करी तळाला नुसता घासून गेला होता. माझी खिडकी टेबलावर पडलेली, कागद ओले, खुर्चीत गारा. फोन मात्र चालू. दिवा लुकलुकत होता, म्हणजे कोणीतरी पुन्हा पुन्हा केला होता.

लावला. पहिल्याच घंटेला उचलला त्याने.

“नोरा? आहेस ना?”

“आहे. हलवलास?”

“नाही.”

मी खाली बसले. गारांवरच.

“का? तास होऊन गेला. तुझाच नियम होता. सकाळी मी मान्यही केला होता.”

“मिळालं ते. वाचलं. नम्रपणे असहमत.”

मला हसू आलं की रडू, सांगता येत नाही. दोन्ही असेल.

मग त्याने सांगितलं. त्याने मला फोन केला, उचलला नाही. कामकाज-कक्षाला केला, तिथल्या लाइनी गुंतलेल्या. तास झाला. त्याचे साहेब, जनरल व्हीलॉक, म्हणाले, नियम आहे, हलवा. हा म्हणाला, नाही. का, तर म्हणे, “ही बाई पहिल्या घंटेला फोन उचलते. उचलत नाही, म्हणजे ती तिथे नाही. तिथे का नाही ते मला माहीत नाही. माहीत नसताना मी तिच्या पायाखालची फळी काढणार नाही.”

संध्याकाळी कळलं की वादळात आमची जमिनीवरची एक मोठी केबल तुटली होती आणि कक्षाने त्यावरचं सगळं नेमकं त्याच उपग्रहावर टाकलं होतं. तो हलवला असता तर जग बुडालं नसतं. दुसरे मार्ग असतात, त्यासाठीच असतात. पण एकाच दुपारी दोन मार्ग गेले असते, आणि दुसरा आपणच बंद केला असता. त्या खोलीत कोणाचे चेहरे कसे झाले असते ते मी बघितलेलं आहे.

ऑरिन सुखरूप. छपराचा एक कोपरा उडाला. अकॉर्डियन पोटाशी धरून न्हाणीघरात बसला होता.

१ मे, सोमवार

अमादेओवर चौकशी. साहेबांनी सांगितलेलं ऐकलं नाही म्हणून. उपग्रह हलवायची वेळ चुकली, आता पुन्हा सगळं जुळवायला इंधन जास्त जाणार. नोकरी जाऊ शकते. निवृत्तीला थोडीच वर्षं राहिलीत त्याची.

त्याने स्वतः सांगितलं नाही. ओडेलकडून कळलं. फोन केला तर म्हणतो, “अगं, काही नाही. खोलीत बोलावतात, खुर्ची देतात, कॉफी देतात. चांगली असते कॉफी.”

२ मे, मंगळवार

कर्नल हॅल्व्हर्सनना म्हटलं, मला कोलोरॅडोला जायचंय, त्याच्या बाजूने बोलायला.

“दुसऱ्या कमांडच्या चौकशीत?” त्या म्हणाल्या. “त्यांनी आपल्याला विचारलेलं नाही.”

“आपण त्यांना विचारूया.”

त्यांनी माझ्यासमोरच फोन उचलला. बोलणं ऐकलं मी. शेवटी म्हणाल्या, “नाही जनरल, मी तासभर थांबणार नाही. आत्ता सांगा.” ठेवून माझ्याकडे बघितलं. “पुढच्या मंगळवारी सकाळी दहा. चांगले कपडे घाल.”

८ मे, सोमवार

गाडीने निघालो, ऑरिन आणि मी. सरळ रस्ता, सपाट जमीन, पुन्हा सरळ रस्ता. ऑरिन म्हणतो कोलोरॅडोतले डोंगर एकदम येतात, न सांगता. तसेच आले.

रात्री अमादेओकडे जेवण. त्याची बायको एस्टेफानिया. मिरच्यांचा रस्सा एवढा तिखट की ऑरिन पाणी पीत पीत खात राहिला आणि तरी पुन्हा वाढून घेतला. उद्याविषयी कोणी बोललं नाही. एस्टेफानिया मला दाराशी एकटीला म्हणाली, “हे झोपत नाहीयेत हो. तुमच्यासमोर हसतात.”

९ मे, मंगळवार

मोठी खोली, लांब टेबल. जनरल व्हीलॉक मध्ये. चौकोनी चेहरा, बारीक कापलेले केस, पण डोळे वाईट नव्हते. अमादेओ एका बाजूला, टाय आवळून, मिशी जरा जास्तच विंचरलेली.

“सेडलाचेक बाई, त्या दिवशी सकाळी तुम्ही हा नियम स्वतः मान्य केलात?”

“हो सर.”

“म्हणजे टाफोयांनी दोन्ही कमांडना मान्य असलेला नियम मोडला.”

“हो सर.”

अमादेओने माझ्याकडे असं बघितलं की, तू एवढ्या लांबून हे सांगायला आलीस?

मी म्हटलं, “सर, मी मान्य केला कारण मी थकले होते. यांनी मोडला कारण हे विचार करत होते. दोघांत ज्याच्यावर चौकशी व्हायला हवी ते मी असेन. यांना काय माहीत होतं? फक्त एवढंच की पलीकडे कोणी बोलत नाही. त्यातून त्यांनी काही अर्थ काढला नाही. आहे तिथे थांबले. आमच्या कामात याहून अवघड काही नसतं.”

“आणि थांबण्याने उपग्रह गमावला असता तर? यांनीच मला तीन वर्षं ती भीती घातलीय.”

इथे मी वाटेत गाडीत ठरवलेलं बोलले. ऑरिनसमोर दहा वेळा म्हणून बघितलं होतं.

“त्या बाबतीत यांचं बरोबर आहे सर, आणि मी इतके महिने ते ऐकलं नाही. अंतराळातला कचरा अंगावर येत असेल तर आमची वाट बघूच नका. तासभरही नाही. आधी हलवा, हलवता हलवता आम्हाला सांगा. पण काम नेहमीचं असेल, आज नाही तर उद्या चालणारं, तर उत्तर येईपर्यंत हलवू नका. तास, दिवस, आठवडा, कितीही.”

जनरलनी अमादेओकडे बघितलं. “तुम्हाला मान्य आहे?”

अमादेओने आवळलेला टाय जरा सैल केला. मला वाटलं आता तेच दोन शब्द येणार.

“मान्य आहे,” तो म्हणाला. “नम्रपणे.”

जनरल व्हीलॉक खुर्चीत मागे रेलले. म्हणाले, “म्हणजे हे तुम्ही दोघं ऑक्टोबरातच करू शकला असता.”

“नाही सर,” अमादेओ म्हणाला, “ऑक्टोबरात मी हिला भेटलो नव्हतो.”

चौकशी बंद. त्याला तोंडी समज दिली, ती ऐकताना जनरल स्वतःच हसत होते.

१० मे, बुधवार

परत. ऑरिनने वाटेत सगळी टेप दोनदा वाजवली. मी काही म्हटलं नाही, आणि त्याने त्याचा अर्थ ‘हो’ धरला.

१९ मे, शुक्रवार

ओडेलनी दोन्ही वाक्यं लिहून पाठवली. स्वच्छ, छोटी, कोणालाही कळतील अशी. खाली त्यांनी एक टीप घातली होती — फोन उचलून नुसता श्वास घेतल्यास ते उत्तर धरू नये. आम्ही ती राहू दिली.

३१ मे, बुधवार

सह्या झाल्या. एका पडद्यावर त्यांचे जनरल, एका खोलीत आमचे. पेन आमच्याकडचं उमटेना, कर्नल हॅल्व्हर्सननी स्वतःचं दिलं. मागच्या रांगेत मी, तिकडच्या मागच्या रांगेत अमादेओ. त्याने पडद्यावरून हात हलवला आणि सगळ्यांना दिसलं.

नवी खिडकीही बसली. जाड काचेची.

१२ जून, सोमवार

मॅडमनी बोलावलं. कराराचं पहिलं वर्ष दोन्ही कमांडनी एकमेकांचा माणूस एकमेकांकडे बसवायचा, असं दोन्ही जनरलनी ठरवलंय. ऑगस्टपासून मी कोलोरॅडोत — उपग्रह हलवायची परवानगी मागायला. आणि ती द्यायची की नाही, हे ठरवायला इथे माझ्या खुर्चीत अमादेओ.

गेले नऊ महिने मी त्याला जे जे ऐकवलं, ते सगळं आता तो मला ऐकवणार.